अटी वाचल्याशिवाय कॉफी नाही

दुपारच्या जेवणानंतर एकच प्रतिसाद लिहायचा आणि मग आडवं व्हायचं, असं अबू सुहैब यांनी ठरवलं होतं. तोही दोन ओळींचा. इरबिदमध्ये निवृत्त माणसानं दुपारी झोपणं हे काही पाप नव्हे, आणि त्या दिवशी उम्म सुहैबनं मन्साफ असा जमवला होता की बसल्या जागी डोळे मिटत होते. दह्याच्या रश्शातलं ते मटण आणि भात पोटात गेल्यावर माणसाला मतं उरत नाहीत, असं इतरांच्या बाबतीत तरी होतं.

अबू सुहैब यांच्या बाबतीत तसं होत नसे. (खरं नाव मिस्बाह, पण थोरला सुहैब जन्मला तेव्हापासून ते अबू सुहैब, म्हणजे सुहैबचे बाप, आणि बायको उम्म सुहैब, म्हणजे त्याची आई; मिस्बाह या नावानं फक्त विजेचं बिल येतं.) जमीन नोंदणीच्या कचेरीत त्यांची हयात गेली होती. काळ्या शाईतली सही त्यांनी कधी चालवून घेतली नाही; सही निळ्याच शाईत हवी, म्हणजे ती खरी की छापील हे कळतं. एकदा तर एका आमदाराला त्यांनी पेन आणायला खालच्या दुकानात पाठवलं होतं. निवृत्त झाल्यावर सही तपासायला कुणी मिळेना, तेव्हा त्यांनी 'रिवाक' नावाची साइट गाठली. 'तंत्रज्ञान, कायदा आणि ताज्या घडामोडी यांवर जाणकारांची चर्चा' असं त्या साइटच्या माथ्यावर लिहिलेलं आहे. माथ्याच्या खाली जाणकार एकमेकांची अक्कल काढत असतात.

तिथं अबू सुहैब यांचं नाव होतं 'निळी शाई'. आणि त्यांच्या जिवाला लागलेला घोर होता 'थंड डोकं'. हा अकाबाचा एक दातांचा डॉक्टर. तसं त्यानंच कधीतरी लिहिलं होतं, आणि ते खरं असावं, कारण तो समोरच्याला आधी बधिर करायचा आणि मग सावकाश उपटायचा.

त्या दिवशीची बातमी अशी होती: कुठल्याशा देशात एका माणसाचा फोटो एका ॲपनं दाढीच्या साबणाच्या जाहिरातीत वापरला. तो कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, बाबा रे, ॲप उघडताना तू 'मला मान्य आहे' हे बटण दाबलं होतंस, त्याखाली हे सगळं लिहिलेलं होतं. आता दाढी कर आणि गप्प बस.

'थंड डोकं'नं खाली लिहिलं होतं, "बरोबर आहे. दाबलं म्हणजे मान्य केलं. न वाचण्याचा आळस हा बचाव होऊ शकत नाही."

अबू सुहैब यांचं पित्त खवळलं. त्यांनी दोन ओळी लिहायला घेतल्या. अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग झाली तेव्हा त्यांचा प्रतिसाद संपला आणि त्याचं शेवटचं वाक्य असं होतं: "जी संमती अटी वाचून, समजून, स्वतःच्या हातानं दिलेली नाही, ती संमतीच नव्हे, आणि हे ज्याला कळत नाही त्यानं लोकांच्या तोंडात हात घालू नये."

मिनिटभरात खाली सात जणांनी 'सहमत' दाबलं. अबू सुहैब यांच्या प्रतिसादांना नेहमी इतके 'सहमत' पडतच. फार नाहीत, पण पक्के. विचार करणारी माणसं जगात थोडीच असतात, असं ते उम्म सुहैबला सांगत, आणि ती भांडी आवरता आवरता "थोडी असली तरी पुरेत" म्हणे.

पण 'थंड डोकं' ऐकतो थोडाच. त्यानं लिहिलं, "निळी शाईसाहेब, आपल्याकडे मुलीला मागणी घालायला जाहा येते तेव्हा काय होतं? पन्नास माणसं येतात. त्यांच्या म्होरक्यासमोर कॉफीचा पेला ठेवतात. तो म्हणतो, आमचं मागणं मान्य केल्याशिवाय पिणार नाही. मुलीचा बाप पेला उचलून त्याच्या हातात देतो. तो पितो. संपलं. एक तरी अट कुणी वाचतं? तो पेला म्हणजे बटणच आहे, आणि सगळं राज्य ते न वाचता दाबत आलंय."

हे वाचून अबू सुहैब उठून बसले. बिनतोड मुद्दा होता, आणि बिनतोड मुद्द्याचा त्यांना भयंकर राग येई. त्यांनी लिहिलं, "माझ्या घरी येत्या शुक्रवारी माझ्या मुलीसाठी जाहा येते आहे. सगळ्यांनी ऐका. अटी विचारल्याशिवाय, त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय, माझ्या हातून त्या म्होरक्याला पेला मिळणार नाही. मिळाला, तर 'रिवाक'वर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

आता ही गोष्ट खरी होती. शुक्रवारी जाहा येणार होती. मुलगी हदील, अम्मानमध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायची. मुलगा अनस, सॉल्ट गावचा, औषधांच्या दुकानाचा मालक आणि स्वभावानं इतका गरीब की गिऱ्हाइकाला "बरं वाटलं नाही तर परत आणून द्या" असं सांगणारा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. मग उम्म सुहैब आणि उम्म अनस तीन-चारदा भेटल्या, आणि दागिन्यांपासून दिवाणखान्याच्या पडद्यांपर्यंत सगळं ठरवून मोकळ्या झाल्या. जाहा म्हणजे नंतरचं नाटक. आमच्याकडे पन्नास पुरुष कडक इस्त्रीचे कपडे घालून जे मागायला येतात ते त्यांच्या बायकांनी महिनाभर आधीच घेतलेलं असतं.

अबू सुहैब यांना नेमकं हेच खुपत होतं. खरं सांगायचं तर साबणाच्या जाहिरातीतल्या माणसाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. हदील त्यांची एकुलती एक मुलगी. तिला दुचाकी शिकवली त्यांनी, तिच्या गणिताच्या मास्तरांशी भांडले ते, आणि तिचं लग्न ठरल्याचं त्यांना कळलं ते "अहो, शुक्रवारी खुर्च्या सांगून ठेवा" या वाक्यातून. त्यांना वाईट वाटलं होतं. पण जमीन नोंदणीत हयात घालवलेल्या माणसाला वाईट वाटलं की तो नियम शोधू लागतो.

गुरुवारी संध्याकाळी उम्म सुहैबनं त्यांची तालीम घेतली.

"तुम्हाला फक्त एक वाक्य बोलायचंय," ती म्हणाली. "तुमच्या चुलतभावाला बोलू द्या म्हटलं तर नको म्हणालात. आता नीट म्हणा. 'तुम्ही मागितलंत आणि आम्ही दिलं, मुलगी तुमची झाली.' मग पेला द्या. आणि मग मी गोडाचा कुनाफा बाहेर पाठवते."

"आणि अटी?"

"कसल्या अटी?"

"नियम व अटी. ती नोकरी करणार की नाही, राहणार कुठं, सणाला कुणाकडे."

"अहो, लग्न आहे ते. ॲप नाही."

"ॲपपेक्षा जास्त आहे म्हणूनच विचारतोय. ॲप काढून तरी टाकता येतं."

उम्म सुहैबनं त्यांच्यासोबत पस्तीस वर्षं काढली होती. असा सूर लागला की बोलून उपयोग नसतो हे तिला माहीत होतं. "कुनाफा गरम खायचा असतो, एवढं लक्षात ठेवा," ती म्हणाली आणि आत गेली.

शुक्रवारी अस्रनंतर गल्लीत गाड्यांची रांग लागली. पुढच्या गाडीतून फव्वाज़ पाशा उतरले. सैन्यातले निवृत्त जनरल, जाड भुवया, हातात काठी. ती टेकायला नव्हे, दाखवायला. सॉल्टच्या बाजूला कुणाचंही लग्न जमायचं असलं की म्होरक्या म्हणून पाशांना नेतात, कारण त्यांनी मागितलेलं कुणी नाकारल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यांच्यामागे चाळीस-पन्नास माणसं, आणि सगळ्यांत शेवटी अनस, नव्या सुटात, मानेभोवती टाय अशी बांधलेली की जणू कुणीतरी पकडून आणलाय.

मोठ्या खोलीत भिंतीला लागून सगळे बसले. मधलं दार किंचित उघडं होतं. पलीकडे बायका होत्या, आणि दाराच्या फटीला डोळा लावून उभी होती अबू सुहैब यांची थोरली बहीण रसमिया. पेला ओठांना लागला रे लागला की झगारीत सुरू करायची, हे काम तिच्याकडे होतं. आनंदाच्या त्या किलकाऱ्या ती अशा काढायची की तीन गल्ल्यांतली कबुतरं उडत.

कॉफी आली. पाशांनी पेला घेतला, समोरच्या तिवईवर ठेवला आणि उभे राहिले. त्यांनी देवाचं नाव घेतलं, पैगंबरांचं घेतलं, दोन्ही घराण्यांच्या पूर्वजांचं घेतलं, आणि म्हणाले, "अबू सुहैब, आम्ही तुमच्या दारी आलोय. आमच्या अनससाठी तुमच्या हदीलचा हात मागतोय. आमचं मागणं पुरं होईपर्यंत तुमच्या कॉफीला मी ओठ लावणार नाही."

पाशा बसले. सगळ्यांनी पुढच्या वाक्याची वाट पाहत माना डोलवायला घेतल्या. बऱ्याच जणांना ते वाक्य पाठ होतं.

अबू सुहैब यांच्या खिशात फोन थरथरला. 'रिवाक'वर सकाळपासून लोक विचारत होते, आली का जाहा, विचारलंत का. ते उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "पाशा, तुमचं येणं शिरसावंद्य. पण त्याआधी अटी."

कुणाच्या तरी हातातली जपमाळ थांबली.

"कसल्या अटी?" पाशांनी विचारलं.

"मुलगी नोकरी चालू ठेवणार का, हा पहिला मुद्दा."

"ते सगळं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

पाशांनी अनसच्या वडिलांकडे पाहिलं. अनसच्या वडिलांनी अनसकडे पाहिलं. अनसनं छताकडे पाहिलं. "बायकांनी," शेवटी पाशा म्हणाले.

"लेखी?"

"अबू सुहैब, मी तीस वर्षं सैन्यात काढली. तिथंसुद्धा बायकांनी ठरवलेलं लेखी मागायची कुणाची छाती नव्हती."

लोक हसले. अबू सुहैब हसले नाहीत. "हाच तर प्रश्न आहे," ते म्हणाले. "सगळे हसतात आणि सगळे न वाचता मान्य करतात. बटण असो की पेला. अहो, परवा एका माणसाचं थोबाड साबणाच्या जाहिरातीत आलं, माहीत आहे का तुम्हाला?"

"ती बातमी वाचली मी," अनसचा वकील काका कोपऱ्यातून म्हणाला, आणि तिथून सगळं बिघडलं. "पण अबू सुहैब, त्या खटल्यात मुद्दा वेगळा होता. करार होता की नव्हता हा प्रश्नच नव्हता."

"मग काय होता?"

"अक्षरं किती बारीक होती, हा होता."

"म्हणजे बारीक अक्षरात लिहिलं तर माणूस विकत घेता येतो?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तुमच्या म्हणण्याचा अर्थ तोच होतो."

आता खरं म्हणजे इथं कुणीतरी मध्ये पडायला हवं होतं. पण आमच्याकडे पन्नास पुरुष एका खोलीत बसवून बातमीचा विषय काढला तर मध्ये पडतील कसे, सगळे आत पडतात. अबू सुहैब यांचा चुलतभाऊ म्हणाला, बटणाचं सोडा, रस्त्यावरचे कॅमेरे आपला चेहरा ओळखतात, त्याला कुणी संमती दिली? सॉल्टच्या बाजूचा एक जण म्हणाला, माझी गाडी चोरीला गेली ती त्याच कॅमेऱ्यानं सापडली. दुसरा म्हणाला, गाडी सापडली, पण आतला रेडिओ सापडला का? कुणीतरी संगणक न्यायाधीश होणार असल्याची बातमी काढली. त्यावर एका म्हाताऱ्यानं, तो निदान दुपारच्या जेवणाला तीन तास जाणार नाही, असा निकाल दिला आणि त्याला दोन्ही बाजूंनी दाद मिळाली. एक जण सारखा "विषयांतर होतंय, विषयांतर होतंय" म्हणत होता आणि स्वतः गव्हाच्या भावावर बोलत होता.

अबू सुहैब यांना इतकं छान कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. साइटवर तोंडं दिसत नाहीत. इथं दिसत होती, लाल झालेली. ते एकेकाला बोटानं थांबवत होते, एकेकाचा मुद्दा खोडत होते. हदीलचं नाव बराच वेळ कुणाच्या तोंडी आलं नाही, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

खिशात फोन पुन्हा थरथरला. त्यांनी झरकन काढून पाहिला. 'थंड डोकं' नव्हता. उम्म सुहैबचा निरोप होता: "कुनाफ्यावरचं चीज घट्ट झालंय. हदील रडतेय."

ते वाचून त्यांनी मधल्या दाराकडे पाहिलं. पण पन्नास माणसांसमोर माघार घ्यायची, आणि 'रिवाक'वर दात उपटणाऱ्यासमोर शेपूट घालायची, हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. ते आणखी ताठ झाले.

तिकडे पाशांची अवस्था वाईट होती. मागणी घालतानाचं भाषण, त्यानंतर वकील काकांना दिलेली साथ, मग सैन्यातल्या नियमांवर एक प्रवचन, असं बोलून बोलून त्यांचा घसा कोरडा पडला होता. समोर कॉफी होती. ती प्यायची नाही असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं, आणि होकार येईस्तोवर आमच्याकडे दुसरं काही पुढे येत नाही, पाणीसुद्धा. ते पेल्याकडे बघत, जिभेनं ओठ ओले करत आणि पुन्हा बोलत.

शेवटी त्यांचा संयम सुटला. काठी जमिनीवर आपटून ते म्हणाले, "अबू सुहैब, मी मुलगी मागायला आलोय, परीक्षेला बसायला नाही. मला सरळ सांगा. देताय की आम्ही उठू?"

जाहा न पिता उठली तर काय होतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पुन्हा त्या दारात कुणी येत नाही, आणि दोन्ही घरांतली माणसं एकमेकांच्या मयतीलाही तोंड फिरवून उभी राहतात. दाराच्या फटीतून रसमियाचा डोळाही दिसेनासा झाला. अनस पांढराफटक पडला होता.

"आधी उत्तर," अबू सुहैब म्हणाले. आवाज जरा चिरकला, पण म्हणाले. "माझी मुलगी नोकरी सोडणार नाही. हे तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी हा पेला कुणाला देणार नाही. मग तुम्ही उठा, नाहीतर सगळं सॉल्ट उठू दे."

पाशा उठले. काठीवर भार देऊन, रागानं, अर्धे उठले, काहीतरी जबर बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या कोरड्या घशात ते अडकलं. ठसका लागला. एक, मग दुसरा, मग थांबेचना. चेहरा आधी तांबडा झाला, मग जांभळा. भुवया वर गेल्या. एका हातानं छाती धरून ते दुसरा हात हवेत हलवू लागले.

आता, अबू सुहैब यांना जे काही म्हणायचं ते म्हणा. पण स्वतःच्या घरात पाहुणा गुदमरताना पाहून हातावर हात ठेवणारा माणूस इरबिदमध्ये अजून जन्मलेला नाही. त्यांच्या डोक्याला विचारायला वेळच झाला नाही. हात आपोआप पुढे गेले. तिवईवरचा पेला त्यांनी उचलला, पाशांच्या थरथरत्या हातात दिला, तो हात स्वतःच्या हातात धरला आणि पेला त्यांच्या ओठांना लावला.

पाशांनी तो एका घोटात संपवला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग रसमियाला कळलं. दारामागून अशी झगारीत उठली की खिडकीच्या काचा वाजल्या. तिच्यामागून तिच्या मुलींची, त्यांच्यामागून शेजारणींची. पुरुष ताडकन उभे राहिले. "मुबारक, मुबारक," कुणी अनसला मिठी मारली, कुणी चुकून त्याच्या शेजारच्याला. पाशांनी रुमालानं डोळे पुसले, हात उघडे केले आणि सोयरीक पक्की करणारी फातिहा म्हणायला सुरुवात केली. पन्नास ओंजळी उघडल्या.

"थांबा," अबू सुहैब म्हणत होते, "ही संमती नाही. हा प्रथमोपचार आहे." पण फातिहा चालू असताना बोलणं बरं नव्हे, म्हणून त्यांनाही हात उघडावे लागले. आणि ती म्हणून झाली, आमेन झालं, तोंडावरून हात फिरले, तेव्हा पाशा त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेत होते.

"अबू सुहैब," पाशा खरखरत्या आवाजात म्हणाले, "आयुष्यात पुष्कळ जाहा नेल्या. पण मुलीच्या बापानं स्वतःच्या हातानं कॉफी पाजल्याचं पहिल्यांदाच पाहिलं. असा मान मला कुणी दिला नव्हता."

कुनाफा आला. चीज घट्ट झालं होतं, पण वाद घालून भुकेलेल्या पन्नास माणसांना ते कळलं नाही. गव्हाच्या भावावर बोलणाऱ्यानं तीनदा मागून घेतला.

पाहुणे गेल्यावर हदील बाहेर आली. डोळे सुजले होते. अबू सुहैब सोफ्याच्या कडेला बसले होते, पुढ्यातल्या पेल्याकडे बघत. तो रिकामा होता.

"बाबा, नोकरीचं मी आणि अनसनं केव्हाच ठरवलंय," ती म्हणाली. "निकाहाच्या करारात अट घालायचीय. त्यानंच सुचवलं. तुम्ही मला का नाही विचारलंत?"

"तू मला का नाही सांगितलंस?" अबू सुहैब म्हणाले. मग जरा थांबून, वेगळ्या आवाजात, "मला कुणी काहीच विचारलं नाही ग. खुर्च्या सांगा म्हणाले. मी खुर्च्या सांगितल्या."

हदील त्यांच्या शेजारी बसली. मग तिनं त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि म्हणाली, "करारातल्या सगळ्या अटी तुम्हीच तपासायच्या. निळ्या शाईत."

त्यांना भरून आलं. पण ते फार वेळ टिकू द्यायचं नसतं, म्हणून त्यांनी खिशातला फोन काढला. तिथं 'थंड डोकं' वाट बघत बसला होता. "निळी शाईसाहेब, काय झालं? पेला दिलात?"

खोटं बोलायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. त्यांनी घडलं ते सगळं लिहिलं, ठसक्यासकट. उत्तर लगेच आलं: "अभिनंदन. देव मुलीला सुखी ठेवो. आणि बटण कसं दाबलं जातं हे आता तुम्हालाही कळलं. निरोपाची वेळ झाली म्हणायची."

अबू सुहैब सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. निरोप? असल्या दाताच्या डॉक्टरला ते घाबरणार होते होय? ते लिहू लागले. आणीबाणीत केलेली कृती ही संमती मानता येत नाही, हा पहिला भाग. पेला 'म्होरक्याला' दिला नसून 'रुग्णाला' दिला, हा दुसरा. प्रतिज्ञा म्होरक्याबद्दल होती. तिसऱ्या भागात त्यांनी गुदमरणाऱ्या माणसाच्या कायदेशीर दर्जाची चर्चा केली. चौथ्या भागात साबणाच्या जाहिरातीतल्या माणसाला न्याय मिळवून दिला. शेवटी लिहिलं, "मी कुठंही जात नाही. ज्यांना न वाचता मान्य करायची सवय आहे त्यांनी जावं." हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत लांब प्रतिसाद होता. बोटानं वर सरकवत नेला तर अंगठा दुखावा इतका.

त्यांनी तो पाठवला आणि श्वास रोखला. एक 'सहमत'. दोन. चार. मिनिट व्हायच्या आत सात.

"पाहिलंत?" ते समोर बसलेल्या उम्म सुहैबला म्हणाले. "एका मिनिटात सात. अजून जगात वाचणारी माणसं आहेत."

उम्म सुहैबनं आणि हदीलनं आपापले फोन हळूच उलटे ठेवले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून रसमियाची हाक आली. "वहिनी, मी दाबलं हो. चारही पोरींना दाबायला लावलं. आता त्याला जेवायला वाढू का?"

हदील मिठाईची पेटी आवरत असल्यासारखं करू लागली. तिथं मिठाईची पेटी नव्हती.

"तुम्ही?" अबू सुहैब म्हणाले. "पहिल्यापासून?"

"पहिल्यांदा तुम्हाला कुणी सहमत दिला नव्हता तेव्हा दोन दिवस जेवला नाहीत," उम्म सुहैब म्हणाली. "मग काय करणार? रसमियाला सांगितलं. आता पोरींना सवयच झालीय. तुमचं आलं की दाबतात."

"पण वाचलं तरी का तुम्ही? एकदा तरी?"

"अहो, एवढं लांब," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "आणि तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. त्यात वाचायचं काय?"

अबू सुहैब यांनी तोंड उघडलं. जी संमती वाचून, समजून दिलेली नाही, ती संमतीच नव्हे, हे वाक्य अगदी ओठांवर आलं. त्यांनी फोनकडे पाहिलं. आकडा आठ झाला होता.

"हा आठवा कोण?"

"अनस असेल," हदील म्हणाली. "आत्यानं त्याला गाडीत फोन करून सांगितलं. कुठलं बटण, एवढंच विचारलं त्यानं."

अबू सुहैब यांनी तोंड मिटलं. मग ते उठले, हात धुतले आणि जेवायला बसले. ती आठ मतं मागे घ्या, असं मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.